स्वयंपाकघर फोडलंय आणि आम्ही घरातच राहतोय: नागपूरकरांनो, अनुभव सांगा

रानजाई | 6 जुलै, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरात आमचं 1994 सालचं रो-हाऊस आहे. स्वयंपाकघर 10 बाय 8 फुटांचं. काळ्या कडप्प्याचा ओटा, खाली उघडे कप्पे आणि भिंतीला जेमतेम दीड फूट पांढऱ्या टाइल्स. तीस वर्षं तेच वापरलं. या उन्हाळ्यात सिंकमागची भिंत फुगली, पोपडे पडायला लागले आणि कोपऱ्यातल्या कपाटाच्या लाकडी दारांना वाळवी लागली. दरवर्षी पुट्टी मारून वेळ निभावून नेत होतो, यंदा ठरवलं की एकदाचं मुळापासून करायचं.

घरात सासूबाई (वय 74), नवरा, दहावीतली मुलगी आणि मी. मी नोकरी करते, साडेनऊला घराबाहेर असते. सासूबाईंचे गुडघे आणि लेकीचे क्लासेस पाहता दोन महिने दुसरीकडे राहायला जाणं जमण्यासारखं नाही. त्यामुळे काम चालू असताना इथेच राहतोय. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि त्या ऑगस्टअखेर येतील. तोवर ओटा उभा राहिलाच पाहिजे, आंबील आणि पुरण काही हॉटेलातून आणता येत नाही.

आज तोडफोडीचा तिसरा दिवस. देवघरातल्या समईवरसुद्धा धूळ बसली आहे. रात्रीचं जेवण तीन दिवस बाहेरचं झालं आणि सासूबाईंचं पोट बिघडलं. ज्यांनी घरात राहून हे काम करून घेतलंय त्यांनी सांगा: रोजचा स्वयंपाक कुठे आणि कसा केलात? धुळीचं काय केलंत? आणि ओट्याची उंची कशी ठरवलीत? सासूबाई चार फूट नऊ इंच, मी पाच फूट चार. दोघीही रोज ओट्यापाशी उभ्या असतो.

---

निवांत_दुपार | 6 जुलै, रात्री 11:15

ताई, पहिली गोष्ट: फोडायच्या आधी दुसरी चूल मांडायची असते. तुमचं राहून गेलं तरी उद्याच मांडा. बाहेरचं जेवण चार दिवसांवर कोणालाच झेपत नाही, म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच नाही.

मागे आंगण आहे का? तुमचा कूलर आता उतरवला असेल. त्याचं लोखंडी स्टँड घ्या, वर फळी टाका, झाला ओटा. आम्ही मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत हेच केलं होतं. पाण्यासाठी खालच्या बाजूला तोटी असलेली टाकी ठेवा, तिच्याखाली घमेलं. भांडी मोजकी ठेवा: एक कुकर, एक कढई, एक तवा, दोन पातेली, माणशी एक ताट-वाटी. बाकी सगळं खोक्यात भरून पलंगाखाली. भांडी कमी असली की घासणंही कमी होतं, आणि सिंक नसताना ते फार जाणवतं.

---

वैनगंगेकाठी | 7 जुलै, सकाळी 7:20

काहून घाबरून राहिल्या ताई, होते सगळं. पण एक सांगतो, जुलै महिन्यात काम काढलं तं मजुरांचा हिशेब आधीच धरून ठेवा. आमच्या भंडारा-गोंदियाकडचे आणि बालाघाटचे पोट्टे रोवणीला गावी जातात. धानाची रोवणी लागली की पंधरा-पंधरा दिवस परत येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, वर्षभराचं पोट त्याच्यावर असते. मिस्त्रीला आजच विचारा, तुझे किती लोक जाणार, कधी जाणार.

---

गिट्टी_रेती | 7 जुलै, दुपारी 1:05

मी बांधकाम साइटवर सुपरवायझर आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुम्ही भिंत फुगल्याचं लिहिलंय आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

1994 चं घर म्हणजे भिंतीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असणार. त्याच्यावरचा जस्ताचा थर झिजला की पाइप आतून गंजतो आणि बहुतेक वेळा एल्बोच्या सांध्यापाशी पाझरतो. वरून कितीही पुट्टी मारा, वॉटरप्रूफचा हात द्या, पाणी आतूनच येणार. आता टाइल्स निघाल्याच आहेत तर स्वयंपाकघरातली सगळी जुनी लाइन काढून टाका. प्लास्टिकचे पाइप टाका: गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडला सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी चालतं. नवीन लाइन टाकल्यावर सगळी तोंडं बंद करून पंपाने दाब द्या आणि गेजचा काटा किमान एक रात्र हलत नाही ना ते बघा. त्याच्याआधी प्लास्टर करू देऊ नका. मिस्त्री म्हणेल "काही होत नाही साहेब". होतं.

आणि भिंत बुजवण्याआधी मोजपट्टी धरून पाइपांचे फोटो काढा. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे चिमणी लावायला कोणी ड्रिल घेऊन आला की हे फोटो कामी येतात.

धुळीबद्दल. टाइल आणि ग्रॅनाइट कापताना जी बारीक पूड उडते तिच्यात सिलिका असते. ती फुफ्फुसात साचते आणि तिथे कायमचे व्रण पडतात. हे तुमच्यापेक्षा कापणाऱ्या पोराला जास्त लागू आहे, कारण तो रोज हेच करतो. कापणं घराबाहेर, पाणी सोडत करायला लावा. पुरत नसेल तर नळी धरायला एक माणूस जास्तीचा लावा, त्याची रोजी द्या. मास्क आपण आणून द्यायचे, चांगले, नाकाला घट्ट बसणारे. घरात दाराला प्लास्टिकचा एक पडदा आणि त्याच्या आत ओली चादर. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

---

सीताबर्डी_सांज | 7 जुलै, सायंकाळी 6:50

मी वेगळं मत मांडते. शक्य असेल तर निदान तोडफोड आणि टाइल्सचे पंधरा दिवस घरातल्या मोठ्या माणसाला बाहेर ठेवा. माझ्या आईला दमा आहे. आम्ही हट्टाने घरातच राहिलो आणि दहाव्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. पैसे वाचले असं वाटलं होतं, ते कुठल्याकुठे गेले. नणंदेकडे, भावाकडे, कोणाकडेही पाठवा. माणूस जपला पाहिजे.

---

रानजाई | 15 जुलै, रात्री 9:30

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

सीताबर्डी_सांज, तुमचं वाचून त्याच रात्री ह्यांच्याशी बोलले आणि सासूबाईंना दहा दिवस वर्ध्याला नणंदेकडे पाठवलं. जाताना त्यांना वाईट वाटलं. घर तुटताना आपण तिथे नाही याचं वाटलं असावं. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दाखवते, आज कुठली भिंत, उद्या कुठली.

निवांत_दुपार, कूलरच्या स्टँडची युक्ती सोन्यासारखी निघाली. फळीऐवजी जुन्या ओट्याचाच साडेतीन फुटी कडप्पा स्टँडवर टाकला. वर पत्र्याची पडवी होतीच. स्टँडला चार विटा लावून हलणं बंद केलं. पावसाची झड आली की बाजूने ताडपत्री सोडते. सकाळी वरण-भात, एक भाजी, पोळ्या. रात्री खिचडी किंवा पिठलं-भात. परवा सांबारवडीसुद्धा (कोथिंबिरीची) केली. तळण उघड्यावर झाल्यामुळे घरभर वास नाही, हे तर आवडलंच.

तो कडप्पा घासताना एक गोष्ट नीट दिसली. एका कोपऱ्यात तळहाताएवढा पांढुरका, खरबरीत डाग आहे. काळा दगड तिथे भुरका पडलाय आणि बोट फिरवलं की किंचित खोलगट लागतो. ही सासूबाईंची चिंच कोळायची जागा. तीस वर्षं रोज चिंचेचं पाणी तिथे सांडलं, लिंबं तिथेच पिळली. मी लग्न होऊन आल्यापासून तो डाग पाहते आहे, आणि तो पुसला जात नाही म्हणून सुरुवातीला वैतागायचेही. आता त्याच्यावर हात ठेवला तर त्या किती उंचीवर, कुठल्या बाजूला वळून उभ्या राहायच्या ते समजलं. उजवीकडे खिडकी, डावीकडे गॅस.

गिट्टी_रेती दादा, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. प्लंबरने भिंत खोलली तर एल्बोपाशी पाइप हाताने चुरला गेला. सगळी लाइन बदलली, दाब देऊन एक रात्र ठेवला. पहिल्या रात्री काटा उतरला! एक सांधा ओला होता. तो कापून परत केला, दुसऱ्या रात्री काटा जागचा हलला नाही. फोटो काढून ठेवलेत.

वैनगंगेकाठी, तुमचंही खरं झालं. दोन हेल्पर काल रोवणीला गेले. मिस्त्री एकटाच आहे.

एक चूक झाली, ती सांगते म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. पावसात अडचण नको म्हणून हॉलमध्ये इंडक्शन लावला, टीव्हीच्या छोट्या प्लगला एक्स्टेन्शन जोडून. वीस मिनिटांत जळका वास आला. ओढून पाहिलं तर पिन काळी पडलेली आणि प्लास्टिक मऊ झालेलं. लेक तिथेच अभ्यास करत होती.

---

गिट्टी_रेती | 15 जुलै, रात्री 10:10

थोडक्यात वाचलात. 2000 वॅटचा इंडक्शन जवळपास 9 अँपिअर करंट ओढतो. टीव्हीचा पॉइंट 6 अँपिअरचा असतो. इंडक्शन, ओव्हन, गीझर, यांना 16 अँपिअरचाच पॉइंट हवा. नवीन वायरिंग होतंय तर या जड पॉइंटना 4 चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) घ्या. घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवा. ओल्या हातांनी मिक्सरचं बटण दाबण्याची जागा म्हणजे स्वयंपाकघर, तिथे हा खर्च टाळू नये.

---

चंद्रपुरी_कोळसा | 16 जुलै, सकाळी 8:00

गॅसबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी सेफ्टीत काम करतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवणार असाल तर दाराला अगदी तळाशी जाळी किंवा भोकं पाहिजेत. लोक हौसेने वर जाळी लावतात, तिचा या कामी उपयोग नाही. सिलिंडर नेहमी उभा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. तुमच्या पडवीतल्या चुलीलाही हेच लागू. रबरी नळीवर वर्ष छापलेलं असतं ते पाहा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. ती भिंतीतून किंवा ट्रॉलीच्या मागून लपवून नेऊ नका, डोळ्यांना दिसली पाहिजे.

---

सुपातली_ज्वारी | 16 जुलै, दुपारी 3:30

ओट्याच्या उंचीचं कोणी सांगा ना, मलाही हवंय. आमचा मॉड्युलरवाला म्हणतो 34 इंच "स्टँडर्ड" आहे.

---

निवांत_दुपार | 16 जुलै, दुपारी 4:10

असं एकच माप सगळ्यांना कसं लागू होईल? उभं राहून हात कोपरात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत जेवढं भरेल त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पोळ्या लाटायला, कणीक मळायला त्याहून थोडं खाली बरं, कारण अंगाचा जोर लावावा लागतो. सिंकला उलट, थोडं वर असलं तर कंबर वाकत नाही, कारण हात तळाशी जातात. आपण मात्र एका रेषेत सगळं करून मोकळं होतो.

---

रानजाई | 27 जुलै, रात्री 10:00

उंचीचा प्रयोग केला, तो सांगते. सासूबाई वर्ध्याहून आल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात विटांच्या दोन थप्प्या रचल्या, वर प्लायची फळी टाकली आणि त्यांना पोळपाट-लाटणं दिलं. आधी 34 इंचांवर. त्यांचे खांदे कानांपर्यंत वर गेले, लाटणं फिरेना. मग एकेक वीट काढत गेलो. 29 इंचांवर आल्यावर त्यांनी न थांबता तीन पोळ्या लाटल्या आणि म्हणाल्या, "हं, आता माझा ओटा वाटतोय." मी त्याच फळीवर उभी राहिले तर दहा मिनिटांत पाठ भरली. मला साडेतेहतीस बरं वाटलं.

मिस्त्रीचं म्हणणं होतं मधलं काहीतरी काढा, 31 करा. म्हणजे दोघींचीही पाठ दुखणार. शेवटी ओटा दोन पातळ्यांवर करायचं ठरलं. मोठा भाग साडेतेहतीस. खिडकीच्या बाजूला अडीच फुटांचा तुकडा 29 इंचांवर, त्याच्याखाली ट्रॉली नाही, मोकळं, म्हणजे स्टूल सरकवून बसूनही काम होईल. डिझाइन करणारा म्हणाला की लाइन तुटते, शोभत नाही, एक ट्रॉलीही कमी होते. स्वयंपाक त्याला करायचा नाही. मला या गोष्टीचं फार वाटतं. आपल्याकडे फरशीचा रंग ठरवायला सगळं घर बसतं, आणि जिने आयुष्यभर तिथे उभं राहायचं तिच्या कोपराचं माप कोणी घेत नाही.

दगडासाठी तीन-चार दुकानं फिरलो. पांढरा मार्बल डोळ्यांत भरतो पण हळदीचा डाग शोषून घेतो. कडप्पा हा चुनखडीचाच प्रकार, त्यामुळे चिंच-लिंबाने भुरका पडतो, ते तर घरातच पाहिलं. क्वार्ट्झच्या पाट्यात रेझिन असतं, तापलेली कढई थेट ठेवता येत नाही. आमच्याकडे कढई उतरवून ओट्यावरच ठेवायची सवय, म्हणून काळा ग्रॅनाइट घेतला.

---

रानजाई | 9 ऑगस्ट, रात्री 11:20

आज मन फार खट्टू आहे. ट्रॉल्यांचे सांगाडे आले. ठरल्याप्रमाणे सिंकखालचं आणि गॅसखालचं सगळं 710 मार्काच्या प्लायमध्ये हवं होतं, कोटेशनवर तसं लिहिलेलं आहे. सुताराने सिंकच्या पाइपसाठी मागच्या पाटीला गोल भोक पाडलं आणि कापलेला तुकडा खाली पडला. मी सहज उचलला. कडेला थर नव्हतेच. सगळं एकसारखं, तपकिरी, भुशाच्या वड्यांसारखं. नखाने टोकरलं तर भुगा निघाला.

दुकानात फोन केला तर म्हणे "हेही वॉटरप्रूफच आहे मॅडम, आजकाल सगळे हेच वापरतात." आगाऊ रक्कम दिलेली आहे. महालक्ष्म्यांना तीन आठवडे राहिलेत. काय करू?

---

गिट्टी_रेती | 9 ऑगस्ट, रात्री 11:45

तुम्ही सांगितलं त्यावरून ते एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबलेला बोर्ड) आहे. प्लायच्या कडेला आडवे-उभे थर स्पष्ट दिसतात, आणि आयएस 710 च्या पाटीवर आयएसआय मार्कासह तसा शिक्का असतो. तो मरीन ग्रेड, 72 तास उकळत्या पाण्यात टिकण्याची चाचणी त्याला लावतात. साधं एमडीएफ पाणी प्यायलं की फुगतं आणि परत बसत नाही, स्क्रू धरणं सोडतं.

तो तुकडा पातेल्यात घालून तासभर उकळा. आधी आणि नंतर जाडी मोजा, फोटो काढा. कोटेशनचा फोटो सोबत जोडून लेखी पाठवा. भांडू नका, उरलेले पैसे अडवून ठेवा. आणि फक्त सिंकखालचं बदलून मागू नका, ठरलं होतं ते सगळं मागा.

---

वैनगंगेकाठी | 10 ऑगस्ट, सकाळी 6:55

आणि त्यांनी ऐकलंच नाही तं लकडगंजात जाऊन स्वतः प्लाय घ्या, शिक्का पाहून. सुतार रोजीवर लावा. माझ्या भावाने असंच केलं, दहा दिवसांत कपाटं उभी झाली.

---

रानजाई | 12 ऑगस्ट, सायंकाळी 7:15

तुकडा उकळला. 18 मिलिमीटरचा तासाभरात 24 झाला आणि कडा पोह्यासारख्या फुलल्या. दोन्ही फोटो, कोटेशन, सगळं लेखी पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. आज मालक स्वतः आले, पाहिलं, आणि सिंक-गॅसखालचे पाचही सांगाडे बदलून द्यायचं कबूल केलं. पाट्या कापण्याआधी शिक्का मला दाखवायचा, असं लिहून घेतलं.

---

सुपातली_ज्वारी | 12 ऑगस्ट, रात्री 8:00

ताई, तुमच्यामुळे मी आज आमच्या कोटेशनमध्ये "वॉटरप्रूफ बोर्ड" खोडून "आयएस 710 प्लाय" लिहून घेतलं. मनापासून धन्यवाद.

---

रानजाई | 24 ऑगस्ट, सकाळी 11:00

ग्रॅनाइट बसला. मधे पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी मारबतीला (पुतळ्यांच्या मिरवणुकीला) सगळी मंडळी सुट्टीवर होती. सुतारदादा महालातच राहतात, दोन्ही पोरांना घेऊन मारबत बघायला गेले होते. मीही लेकीला घेऊन इतवारीपर्यंत जाऊन आले. दीड महिना धूळ आणि हिशेब यांच्यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं.

चिमणीचा पाइप सरळ बाहेर काढलाय, एकच वळण. शेगडीपासून 28 इंच वर. सिलिंडरच्या दाराला तळाशी जाळी लावली, चंद्रपुरी_कोळसा दादा. सुताराने आधी वर लावली होती, ती बदलून घेतली.

---

रानजाई | 2 सप्टेंबर, रात्री 10:30

महालक्ष्म्या नवीन ओट्यावर झाल्या. पूजनाच्या दिवशी सासूबाई पहाटे पाचला उठून खिडकीजवळच्या ओट्यापाशी स्टूल घेऊन बसल्या. पुरण मी वाटून देत होते, लाटत त्या होत्या, भाजत माझी जाऊ. मागच्या वर्षी वीस पोळ्यांनंतर त्यांना जाऊन पडावं लागलं होतं. या वेळी सगळ्या पोळ्या त्यांनीच लाटल्या, मधे एकदा चहाला उठल्या तेवढंच.

राहिलेलं काम: एक ट्रॉली अडकते आणि एका टाइलमागे पोकळ आवाज येतो. दोन्ही पुढच्या आठवड्यात. शेवटचे पैसे ते झाल्यावरच देणार आहे.

कूलरचं स्टँड आणि कडप्पा पडवीतच ठेवलाय. चिंच त्या तिकडेच जाऊन कोळतात.

---

सुपातली_ज्वारी | 3 सप्टेंबर, सकाळी 9:10

वाचून डोळे भरून आले. ताई, त्या खालच्या ओट्याची नेमकी मापं द्याल का? माझी आई चार फूट आठ आहे, आमचं माप सोमवारी घेणार आहेत.

---

रानजाई | 3 सप्टेंबर, दुपारी 1:40

लांबी 30 इंच, खोली 24, उंची 29, दगडाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. आपल्याकडे मिस्त्री दगडाखालच्या विटेपर्यंतच मोजतात, तिथे फसू नका. समोरची कड गोल करून घ्या, बसल्यावर मनगट टेकतं. खाली पाय जायला पूर्ण मोकळं, आडवी पट्टीही नको. स्टूल 18 इंचांचं. पण आईचं माप तुमच्या विटांवरच घ्या, आणि लाटणं त्यांच्या हातात देऊन.